नदीवरचा जुना पोलादी ट्रस पूल: पाहणी, मोजणी आणि नोंद कशी करावी

ग्रामीण भागातल्या नद्यांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत उभारलेले पोलादी ट्रस पूल, म्हणजे त्रिकोणी जोडणीच्या सांगाड्याचे पूल, आजही जगभर अनेक ठिकाणी वापरात आहेत. अशा पुलाविषयीचा निर्णय बहुधा घाईने घेतला जातो. पूल जुना दिसतो, गंजलेला दिसतो, म्हणून तो पाडायचा ठरतो किंवा वरवर रंग देऊन विषय मिटवला जातो. दोन्ही वेळा पुलाची नीट पाहणी झालेली नसते. वास्तविक ट्रस पुलाइतकी तपासायला सोपी रचना क्वचितच असेल, कारण काँक्रीटच्या पुलातल्या सळ्या आत दडलेल्या असतात, तर ट्रसचा जवळजवळ प्रत्येक घटक, प्रत्येक सांधा आणि प्रत्येक रिव्हेट (प्लेट जोडणारी ठोकलेली खीळ) डोळ्यांसमोर असतो. पुढील मार्गदर्शन स्थापत्य अभियांत्रिकीचे विद्यार्थी, वारसा जतनाचे काम करणारे कार्यकर्ते आणि स्थानिक संस्थांचे पदाधिकारी यांच्यासाठी आहे. पुलाची भारक्षमता ठरवण्याचे काम अनुभवी स्ट्रक्चरल अभियंत्याचेच आहे. परंतु त्याच्या हाती चांगली नोंद पडली, तर त्याचा निर्णय अधिक अचूक होतो आणि अनेकदा पूल वाचतो.

जाण्यापूर्वीची तयारी

सर्वप्रथम पुलाची मालकी कोणाकडे आहे ते शोधावे आणि लेखी परवानगी घ्यावी. चालू रेल्वेमार्गावरच्या पुलावर रेल्वे प्रशासनाच्या परवानगीशिवाय आणि त्यांच्या माणसाच्या उपस्थितीशिवाय पाऊलही ठेवू नये. मूळ नकाशे, दुरुस्तीची बिले, पुराच्या पातळीच्या नोंदी आणि जुनी छायाचित्रे मिळाल्यास ती आधी वाचावीत. पाहणीसाठी नदीचे पाणी सर्वांत कमी असणारा काळ निवडावा, कारण एरवी पाण्याखाली असणारा पायाचा भाग तेव्हाच दिसतो.

साहित्य फारसे लागत नाही. मोजपट्टी, व्हर्निअर कॅलिपर, हलका हातोडा, प्रखर टॉर्च, दुर्बीण, खडू, ओळंबा, कॅमेरा आणि छायाचित्रात ठेवण्यासाठी मोजमापाची पट्टी एवढे पुरते. जुन्या पोलादावरचा तळाचा थर बहुधा शिसेयुक्त शेंदरी प्रायमरचा असतो. त्यामुळे रंग कोरडा खरवडू नये किंवा ग्राइंडरने घासू नये. ती धूळ श्वासावाटे शरीरात जाते आणि खालच्या पाण्यातही मिसळते. एकट्याने पाहणीला जाऊ नये. पुलावर रहदारी चालू असेल, तर एका माणसाने केवळ वाहनांवर लक्ष ठेवावे.

सांध्यांना क्रमांक देणे

या टप्प्याकडे नवखे लोक हमखास दुर्लक्ष करतात, आणि नंतर शंभर छायाचित्रांतले कोणते कुठले आहे हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून एकही छायाचित्र घेण्यापूर्वी क्रमांकपद्धती ठरवावी. प्रवाह ज्या दिशेला वाहतो तिकडे तोंड करून उभे राहावे. डाव्या हाताचा किनारा तो डावा किनारा. मोजणी नेहमी डाव्या किनाऱ्यापासून सुरू करावी. प्रवाह ज्या बाजूने येतो तिकडचा ट्रस ‘अपस्ट्रीम’ आणि दुसरा ‘डाउनस्ट्रीम’ म्हणावा. ट्रसच्या वरच्या कडेला धावणारा सलग घटक म्हणजे टॉप कॉर्ड आणि खालचा तो बॉटम कॉर्ड. खालच्या सांध्यांना खा-०, खा-१, खा-२ असे क्रमांक द्यावेत आणि त्यांच्या बरोबर वर येणाऱ्या सांध्यांना वर-१, वर-२ असे. दोन आधारांमधला पुलाचा भाग म्हणजे गाळा. मग ‘दुसरा गाळा, डाउनस्ट्रीम, खा-३ ते वर-२’ एवढे लिहिले, तरी कोणता तिरका घटक अभिप्रेत आहे हे वीस वर्षांनी येणाऱ्या माणसालाही कळते. प्रत्येक छायाचित्रात खडूने लिहिलेला क्रमांक दिसेल, असे पाहावे.

ट्रसचा प्रकार आणि घटकांचे काम ओळखणे

ट्रस म्हणजे त्रिकोणांची साखळी. त्रिकोणाचा आकार बाजूंची लांबी न बदलता बदलत नाही, म्हणून सांध्यांवर आलेला भार प्रत्येक घटकात मुख्यतः दाब किंवा ताण यांच्या रूपाने वाहून नेला जातो. साध्या आधारावरच्या एका गाळ्यात टॉप कॉर्डवर दाब असतो आणि बॉटम कॉर्डवर ताण. मधल्या उभ्या आणि तिरक्या घटकांची मांडणी कशी आहे, यावरून प्रकार ठरतो.

विल्यम हाउ यांच्या १८४० च्या पेटंटमधील रचनेत तिरके घटक दाब सोसतात आणि उभे घटक ताण. लाकडी तिरके आणि लोखंडी उभे गज वापरण्याच्या काळाला ती सोयीची होती. थॉमस आणि केलेब प्रॅट यांनी १८४४ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत हे उलटे आहे: उभे घटक दाबाखाली आणि गाळ्याच्या मध्याकडे उतरत जाणारे तिरके घटक ताणाखाली. दाबाखालचा घटक जितका लांब तितका तो वाकण्याचा धोका जास्त असतो. प्रॅट रचनेत दाब आखूड उभ्या घटकांवर पडतो, म्हणून धातूच्या पुलांत ती फार लोकप्रिय झाली. जेम्स वॉरन यांच्या नावाची, १८४८ मध्ये पेटंट झालेली रचना मुख्यतः समान त्रिकोणांची असून तिच्यात तिरके घटक आलटून पालटून दाब आणि ताण घेतात. टॉप कॉर्ड मध्याकडे बहुभुजाकृती उंचावत गेलेला असेल, तर तो पार्कर प्रकार समजावा.

गणित न करताही कोणता घटक कशासाठी आहे हे पुष्कळदा नुसत्या नजरेने सांगता येते. सपाट पट्ट्या, गज किंवा दोन्ही टोकांना भोके असलेले डोळेपट्टे म्हणजे आयबार दिसले, तर तो घटक ताणाचा आहे, कारण इतका सडपातळ घटक दाब सोसूच शकत नाही. दोन चॅनेल (पन्हळीच्या आकाराचे पोलाद) किंवा चार अँगल (काटकोनी पोलाद) एकमेकांपासून अंतरावर ठेवून नागमोडी पट्ट्यांनी जोडलेले असतील, तर तो घटक दाबासाठी घडवलेला आहे. या पट्ट्यांना लेसिंग म्हणतात आणि त्या क्षुल्लक वाटतात. पण त्यांच्याविना मोठे भाग एकत्र काम करत नाहीत. कॅनडातील क्युबेक पूल २९ ऑगस्ट १९०७ रोजी बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि ७५ कामगार मृत्युमुखी पडले. खालच्या कॉर्डमधल्या दाबाखालच्या घटकांचे लेसिंग अपुरे असणे हे त्या दुर्घटनेचे केंद्रस्थानी असलेले कारण होते. म्हणून लेसिंगची एकही पट्टी तुटलेली किंवा वाकलेली आढळल्यास तिची स्वतंत्र नोंद करावी.

प्रॅट ट्रसमधली दोन ठिकाणे विशेष लक्षात ठेवावीत. टोकाच्या तिरक्या खांबाच्या माथ्यापासून खाली येणारा पहिला उभा घटक इतर उभ्या घटकांप्रमाणे दाबाखाली नसून ताणाखाली असतो. तो खालच्या आडव्या तुळईला टांगून धरतो. तो बारीक असतो, रस्त्याच्या कडेला असतो आणि वाहनाचा धक्का त्याला सहज बसू शकतो. दुसरे ठिकाण म्हणजे मधल्या कप्प्यांतले (कप्पा म्हणजे लगतच्या दोन खालच्या सांध्यांमधला भाग) एकमेकांना छेदणारे बारीक गज. वाहन पुलावरून पुढे सरकते तसे मधल्या कप्प्यांतील बल दिशा बदलते, त्यासाठी हे गज असतात. ते लोंबत असतील, तर टर्नबकल, म्हणजे गज आवळण्याचा आट्यांचा जोड, ढिला झालेला असू शकतो; पण अभियंत्याला न विचारता तो आवळू नये, कारण जादा आवळलेला गज शेजारच्या घटकांवर कायमचा भार टाकतो.

वय आणि धातू यांचा अंदाज

टोकाच्या कमानीवर किंवा खांबावर निर्मात्याची पाटी असल्यास ती पूर्ण उतरवून घ्यावी. मात्र पाटीवरचे वर्ष म्हणजे पूल त्या जागी उभा राहिल्याचे वर्ष असेलच असे नाही. पिनने जोडलेले ट्रस सुटे करून दुसरीकडे नेता येत असत आणि तसे अनेक पूल हलवलेही गेले. पायाचे दगडकाम, बेअरिंगखालचे (बेअरिंग म्हणजे ट्रसचे टोक जिथे पायावर टेकते तो भाग) बेमेल दगड किंवा विनाकारण दिसणारी जुनी भोके यांवरून असे स्थलांतर ओळखता येते.

सांध्यांत मोठी दंडगोल पिन असेल, तर पूल साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीचा असतो. सांध्यावर गसेट प्लेट (घटकांची टोके एकत्र जोडणारी सपाट प्लेट) लावून सगळे घटक रिव्हेटने जोडलेले असतील, तर तो सामान्यतः त्यानंतरचा. धातूच्या बाबतीत सावधगिरी हवी. अमेरिकेत मिसुरी नदीवर ग्लासगो येथे १८७९ मध्ये पूर्ण झालेला पूल हा संपूर्ण पोलादी ट्रस पुलांत पहिला मानला जातो. परंतु त्यानंतरही पुष्कळ वर्षे घडीव लोखंड वापरात होते आणि एकाच पुलात दोन्ही धातू आढळतात. गंजलेल्या कडेला लाकडाच्या तंतूंसारखे थर सुटताना दिसले, तर ते घडीव लोखंड असण्याची शक्यता मोठी. खात्री मात्र प्रयोगशाळेतच करावी. त्यासाठीचा नमुना कुठून कापायचा हे अभियंत्यानेच ठरवावे. पोलादाच्या घटकांवर पुष्कळदा ते लाटणाऱ्या कारखान्याचे नाव उठावाने उमटलेले असते; रंगाच्या थरांतूनही ते तिरप्या उजेडात दिसते.

मोजणी

आधी गाळ्याची एकूण लांबी मोजावी आणि मग प्रत्येक कप्प्याची स्वतंत्रपणे. कप्प्यांची बेरीज गाळ्याशी जुळली नाही, तर मोजणी पुन्हा करावी. ट्रसची उंची, दोन ट्रसमधले अंतर आणि रस्त्यापासून डोक्यावरच्या कैचीपर्यंतची (दोन ट्रसना वरून जोडणाऱ्या आडव्या चौकटीपर्यंतची) मोकळी उंची नोंदवावी. त्यानंतर प्रत्येक घटकाचा छेद काढावा: किती अँगल, किती प्लेट, प्रत्येकाची रुंदी आणि जाडी.

जाडी नेहमी दोन ठिकाणी घ्यावी, एक धडधाकट भागात आणि एक सर्वांत झिजलेल्या भागात. अँगलचा मूळ १० मिलिमीटर जाडीचा पाय ७ मिलिमीटर उरला असेल, तर तेथे ३० टक्के धातू गेला आहे. ‘बराच गंज’ असे लिहिण्यापेक्षा हा आकडा अभियंत्याच्या शतपटीने उपयोगी पडतो. गंजाच्या फुगलेल्या थरावरून मोजल्यास झिजलेली प्लेट उलट जाड भरते, म्हणून धातूपर्यंत पोहोचूनच मोजावे. तेथे रंग काढावा लागल्यास तो ओला ठेवून, मास्क लावून आणि निघालेला कचरा गोळा करूनच काढावा. शेवटी टॉप कॉर्डच्या एका टोकाशी डोळा लावून संपूर्ण कॉर्डवरून नजर फिरवावी. बाजूला गेलेला बाक अशा वेळी लगेच ध्यानात येतो.

सांध्यांची तपासणी

माझ्या मते पाहणीचा निम्मा वेळ खालच्या सांध्यांना द्यायला हवा. जुन्या पुलांचे आयुष्य तिथेच संपते आणि तिथेच वाढवता येते.

खालच्या कॉर्डचा एखादा सांधा जवळून पाहावा. दोन चॅनेलमध्ये वरून उघडी पोकळी असते. रस्त्यावरची माती, पालापाचोळा, पक्ष्यांची विष्ठा आणि पुरात आलेला गाळ तीत साचतो. पाऊस थांबल्यावर उरलेला पूल तासाभरात वाळतो, पण हा ढिगारा कित्येक दिवस ओला राहतो. ओल गसेट प्लेट आणि कॉर्ड यांच्यामधल्या फटीत शिरते आणि तिथे गंज तयार होतो. गंजाला मूळ धातूपेक्षा कित्येक पट जास्त जागा लागते, त्यामुळे तो दोन प्लेटना आतून ढकलत जातो. रिव्हेटच्या ओळींमध्ये प्लेट फुगतात आणि शेवटी रिव्हेटची डोकी उडतात. ढिगारा हाताने दूर करून खालचा धातू पाहिल्याशिवाय त्या सांध्यावर ‘ठीक’ असा शेरा लिहू नये. पाण्याला निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके बहुधा बुजलेली असतात; तीही शोधावीत.

रिव्हेट तपासण्याची जुनी रीत आजही उत्तम आहे. डोक्याच्या एका बाजूला बोटाचे टोक अर्धे डोक्यावर आणि अर्धे प्लेटवर टेकवावे आणि दुसऱ्या बाजूने हलका हातोडा मारावा. रिव्हेट ढिला असेल, तर बोटाला हालचाल जाणवते आणि आवाजही बोदा येतो. डोक्याभोवती तांबूस ओघळ दिसत असेल, तर तो रिव्हेट हलत असल्याची शंका घ्यावी. रिव्हेट लालभडक तापवून ठोकले जात आणि थंड होताना आकसून प्लेट आवळून धरत. ही पकड सुटली, की भोकाच्या कडेवर वारंवार ताण येऊन बारीक तडे जाऊ लागतात.

पिनच्या पुलात एकाच घटकात दोन किंवा अधिक आयबार शेजारी असतात आणि त्यांनी भार सारखा वाटून घ्यायला हवा. प्रत्येकाला हाताने हलवून पाहावे. एक ताठ आणि दुसरा खळखळता असेल, तर ताठ पट्टा जोडीदाराचा भारही वाहतो आहे. आयबारच्या डोळ्याभोवतीचा भाग भिंगाने आणि टॉर्चने तपासावा. ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज १५ डिसेंबर १९६७ रोजी कोसळून ४६ माणसे गेली, ती एका आयबारच्या डोळ्यातल्या सुमारे अडीच मिलिमीटर खोलीच्या तड्यामुळे. तो झुलता पूल होता, पण त्याच्या साखळीच्या प्रत्येक दुव्यात दोनच आयबार होते. एक तुटला आणि दुसऱ्याला भार पेलवला नाही. असा तडा पिनच्या आड असल्यास डोळ्यांना दिसत नाही, म्हणून शंका येताच अल्ट्रासॉनिक चाचणीची शिफारस करावी.

डोक्यावरच्या कैच्या आणि टोकाची कमान यांवर वाहनांच्या धडकेच्या खुणा शोधाव्यात. वॉशिंग्टन राज्यात स्कॅगिट नदीवरच्या १९५५ च्या ट्रस पुलाचा एक गाळा २३ मे २०१३ रोजी नदीत पडला, कारण एका उंच मालवाहू वाहनाने ओळीने अनेक कैच्यांना धडक दिली होती.

बेअरिंगजवळ एक साधे गणित करावे. पोलाद दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते. ६० मीटरच्या गाळ्यात आणि ४० अंशांच्या फरकात ही वाढ जवळपास २९ मिलिमीटर होते. एका टोकाचे रोलर एवढे सरकायला हवेत. ते मातीत रुतले किंवा गंजून जाम झाले असतील, तर हा रेटा आधारभिंतीवर जातो आणि तिला तडे पडतात. सकाळी आणि दुपारी रोलरच्या जागी खडूची रेघ मारून हालचाल होते की नाही हे पाहता येते.

नदी आणि पाया

पोलादाकडे पाहण्याच्या नादात पाण्याकडे दुर्लक्ष होते, आणि पूल कोसळण्याच्या कारणांत पूर आणि पायाजवळची धूप यांचा क्रमांक फार वरचा आहे. न्यूयॉर्क राज्यातला स्कोहॅरी क्रीक या नदीवरचा पूल ५ एप्रिल १९८७ रोजी पुरात कोसळला तो खांबाखालची माती वाहून गेल्यामुळे. त्यात १० जण दगावले.

पुलाच्या कठड्यावर ठरावीक अंतराने कायमच्या खुणा कराव्यात आणि प्रत्येक खुणेवरून वजन बांधलेली मोजदोरी सोडून नदीतळाची खोली नोंदवावी. खांबाच्या वरच्या धारेकडील तोंडाशी जास्त खुणा घ्याव्यात. पूर ओसरताना धुपेचा खड्डा पुन्हा गाळाने भरतो आणि तळ जसाच्या तसा वाटतो. परंतु हा सैल गाळ पायाला आधार देत नाही. त्यामुळे पुरानंतर एकदाच मोजून समाधान मानू नये. वर्षानुवर्षांची तुलना हवी आणि शक्य तेथे सळई रोवून गाळ किती घट्ट आहे हे पाहावे. खांबाला अडकलेली झाडे आणि ओंडके ताबडतोब काढवून घ्यावेत, कारण ते प्रवाह अरुंद करून धूप वाढवतात.

भाराचा प्रश्न

अभियंत्याला नोंद देताना पुलावर मूळ रचनेनंतर काय काय चढवले गेले हे आवर्जून लिहावे. रस्त्यावर ५० मिलिमीटर डांबराचा एक थर चढवला, तर ५ मीटर रुंद आणि ४० मीटर लांब गाळ्यावर १० घनमीटर म्हणजे सुमारे २३ टन कायमचे वजन वाढते. असे थर अनेकदा एकावर एक चढवलेले असतात. पाण्याच्या नळवाहिन्या, केबल आणि काँक्रीटचे कठडे यांचेही वजन धरावे. अमेरिकेतील मिनिॲपोलिसमध्ये १ ऑगस्ट २००७ रोजी कोसळलेल्या पुलात गसेट प्लेट मूळ रचनेतच अपुऱ्या जाडीच्या होत्या. त्यावर वर्षानुवर्षे वाढलेले वजन आणि त्या दिवशी पुलावर ठेवलेले बांधकामसाहित्य यांची भर पडली आणि १३ जणांचा जीव गेला. म्हणून गसेट प्लेटची जाडीही घटकांइतक्याच काळजीने मोजावी.

दुरुस्तीची दिशा

तातडीचे काय ते आधी वेगळे काढावे: तडा गेलेला ताणाचा घटक, बाजूला वाकलेला दाबाचा घटक, उघडा पडलेला पाया. यांपैकी काहीही आढळल्यास अहवाल पूर्ण होण्याची वाट न पाहता मालक संस्थेला त्याच दिवशी लेखी कळवावे आणि रहदारी थांबवण्याची मागणी करावी.

उरलेल्या कामात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे स्वच्छता. वर्षातून किमान एकदा, पावसाळी पुरांचा काळ संपल्यावर, सगळे खालचे सांधे आणि बेअरिंग साफ करावेत, पाण्याची भोके मोकळी करावीत आणि रस्त्याचे पाणी कॉर्डवर न पडता बाहेर जाईल अशी पन्हळ लावावी. हे न करता केलेली रंगरंगोटी काही वर्षांतच सांध्यांपासून सुटू लागते. रंग देताना जुना शिसेयुक्त थर काढायचा असल्यास गाळा पूर्ण झाकून, कचरा बंदिस्त गोळा करून तो घातक कचरा म्हणून विल्हेवाटीला द्यावा.

ढिल्या रिव्हेटच्या जागी उच्च ताणशक्तीचे बोल्ट बसवता येतात. गोल डोक्याचे बोल्ट वापरल्यास मूळ रूपही फारसे बिघडत नाही. वेल्डिंगचा मोह टाळावा. जुन्या पोलादात फॉस्फरस आणि गंधक यांचे प्रमाण जास्त असू शकते आणि घडीव लोखंडाचे थर वेल्डिंगच्या ताणाने सुटतात, म्हणून धातूच्या चाचणीशिवाय कोणालाही वेल्डिंग करू देऊ नये. धडकेने वाकलेला घटक नियंत्रित उष्णता देऊन सरळ करता येतो. साध्या कार्बन पोलादासाठी तापमान ६५० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ न देण्याचा दंडक त्यासाठी पाळला जातो.

आजच्या जड वाहनांसाठी पूल अपुरा ठरला, तरी पाडणे हा एकच पर्याय उरत नाही. शेजारी नवा पूल बांधून जुना पादचारी आणि सायकलस्वारांसाठी ठेवता येतो, किंवा पिनचे सांधे असल्यास तो क्रमांकांनिशी सुटा करून कमी भाराच्या जागी नेता येतो. अशा वेळी सांध्यांना दिलेले क्रमांक जसेच्या तसे उपयोगी पडतात. सुटा करण्यापूर्वी प्रत्येक घटकावर तोच क्रमांक पंचने ठोकून घ्यावा, कारण वाहतुकीत आणि साफसफाईत खडू आणि रंग टिकत नाहीत.

नोंद जपणे

अंतिम नोंदीत पुलाचे स्थानचित्र, दोन्ही ट्रसची क्रमांकित आकृती, घटकांच्या मापांचा तक्ता, झीज आणि दोषांची यादी, नदीतळाच्या खोलीचा तक्ता आणि क्रमांकित छायाचित्रे असावीत. प्रत्येक पानावर तारीख आणि नदीची त्या दिवशीची पाणीपातळी लिहावी. एक छापील प्रत पुलाच्या मालक संस्थेकडे, एक स्थानिक ग्रंथालयात आणि एक जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात द्यावी. पुढच्या पाहणीच्या वेळी नवी मापे जुन्या तक्त्याच्या शेजारच्या रकान्यात भरावीत, म्हणजे कोणता घटक किती वेगाने झिजतो आहे हे एकाच पानावर दिसेल.